गच्चीवरचा डेक आणि जुन्नरचं सागवान

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच काढलेत, बाकी भाग तोच आहे.

आजचा विषय आहे डेक. घराबाहेर, उघड्या आभाळाखाली, लाकडी फळ्यांची केलेली जमीन. मोशी, रावेत, वाकड या बाजूला नव्या बिल्डिंगांच्या जाहिराती बघितल्यात तर 'वुडन डेक' हा शब्द हमखास दिसतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी लाकडाची छपाई असलेली टाइल असते, नाहीतर लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवलेल्या पट्ट्या असतात. खरं लाकूड क्वचितच.

मला हा विषय सुचला त्याचं कारण घरचं आहे. जुन्नर तालुक्यात आमचं जुनं घर होतं. मागची भिंत ढासळल्यावर ते उतरवायचं ठरलं. तुळया, कड्या, खांब काढून अंगणात रचले. काकांचं म्हणणं होतं की जुनं सागवान घेणारा व्यापारी रोकड देतो, देऊन टाकू. मी मोशीच्या घराच्या गच्चीवर दहा बाय बारा फुटांचा डेक करायचा विचार करत होतो. मग प्रश्न पडला की हे लाकूड पावसाउन्हात टाकण्यालायक आहे का? आणि आपल्याकडे इतकं सागवान होतं, इतके चांगले सुतार होते, तर अशी उघड्यावरची लाकडी जमीन आपण कधी केली का नाही? उत्तर शोधता शोधता गोष्ट मुंबईच्या गोदीत, दापोडीत, डेहराडूनला आणि चाकणच्या भंगारात जाऊन आली.

वाड्याने लाकूड कुठे ठेवलं?

पुण्या-जुन्नरकडचा कुठलाही जुना वाडा घ्या. चिंचवडगावातला मंगलमूर्ती वाडा बघितला असेल, चापेकर वाडा बघितला असेल. अशा वाड्याचा सांगाडा लाकडाचा असतो. खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. वरच्या मजल्याला, म्हणजे माडीला, लाकडाची जमीन असते. म्हणजे फळ्यांवर चालणं आपल्याला नवीन नाही. आमच्या आजीला तर माडीवर कोण चाललंय ते खालून नुसत्या आवाजावरून कळायचं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. वाड्यातलं लाकूड जमिनीला टेकत नाही. आधी दगडाचं जोतं येतं. प्रत्येक खांबाखाली दगडी बैठक असते, तिला तळखडा म्हणतात. खांब मातीत गाडला तर वाळवी वर चढते आणि बुडाशी ओल धरून लाकूड कुजतं. तळखड्यामुळे लाकडाचं टोक कोरडं राहतं. आणि वरून? वरून कौलं असतात, किंवा मातीचं धाबं. कडेचं लाकूड पुढे आलेल्या पागोळीच्या आत राहतं. म्हणजे खालून दगड, वरून छप्पर, मधे लाकूड.

उघड्यावर बसायला जे लागतं ते आपण दगडमातीचं केलं. अंगण शेणाने सारवलेलं. ओटा दगडी. ओसरीला छप्पर. अंगण पावसात खराब झालं तर दिवाळीआधी चोपणीने चोपून पुन्हा सारवायचं, खर्च जवळजवळ शून्य. चार महिने झोडपणारा पाऊस, मग आठ महिने ऊन, आणि बारा महिने वाळवी. अशा ठिकाणी उघड्यावर लाकूड टाकणं म्हणजे दर काही वर्षांनी नवं लाकूड आणणं. आपल्या सुतारांना डेक येत नव्हता असं नाही, त्याची गरजच नव्हती.

सुतार बारा बलुतेदारांपैकी एक. त्याला कामाचे पैसे रोख मिळत नसत, सुगीला धान्याचा वाटा मिळायचा. नांगर, कुळव, बैलगाडीचं चाक, घराचा सांगाडा, सगळं त्याच्याकडे. वाकस, पटाशी, करवत, रंधा एवढ्या हत्यारांवर. आमच्या घरातल्या तुळया उतरवल्या तेव्हा जोडात खिळे फारच कमी निघाले. एका लाकडात खाच, दुसऱ्याचं टोक त्यात बसवलेलं, आणि आरपार लाकडी मेख. मेख ठोकून बाहेर काढली की जोड सुटला. म्हणूनच ते लाकूड आज पुन्हा वापरता येतंय. कोडच्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूल सुटे करता येतील अशी रचना.

जुन्नरचं लाकूड, चिंचवडचा दगड

या पट्ट्याची सगळ्यात प्रसिद्ध लाकडी इमारत म्हणजे शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 ला पायाभरणी केली आणि 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत झाली. खर्च नोंदलेला आहे 16,110 रुपये. सागवान आलं जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून.

मला या यादीची गंमत वाटते. आज आपण ज्याला इंडस्ट्रियल बेल्ट म्हणतो तो तेव्हाही पुण्याला माल पुरवत होता, फक्त माल वेगळा होता. आज जुन्नरहून पुण्याला यायचं तर नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण, मोशी, भोसरी असा नाशिक हायवे धरावा लागतो. संध्याकाळी सात वाजता चाकणच्या चौकात अडकलेले तुम्ही कल्पना करू शकता की तुळया लादलेल्या बैलगाड्यांना किती दिवस लागत असतील.

27 फेब्रुवारी 1828 ला शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली असं सांगतात. आत गेलात तर काय दिसतं? दगडी जोती, पाया, कारंज्यांचे हौद, तट, दरवाजा. वरचं सगळं लाकूड गेलं. चिंचवडचा दगड राहिला, जुन्नरचा साग जळाला.

साग एवढा का हवाहवासा? सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं आणि वाळवी व बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात. वजनाला फार जड नाही, घनमीटरला साधारण 650 किलो. आणि ओल-ऊन यांच्या चक्रात तो कमी फुगतो, कमी आकसतो, कमी पिळवटतो. मात्र हे सगळं झाडाच्या आतल्या गाभ्याचं वर्णन आहे. सालीजवळचं फिकट लाकूड, ते सागाचं असलं तरी, किडीला सहज बळी पडतं. जुन्या वाड्यांच्या तुळया मोठ्या, पूर्ण वाढलेल्या झाडांच्या आहेत, त्यात गाभा जास्त. आज लागवडीचा, कमी वयात तोडलेला साग मिळतो त्यात फिकट भाग जास्त असतो. 'जुनं सागवान' महाग का, त्याचं हे साधं कारण.

लाकूड उघड्यावर होतं, पण समुद्रात

आता डेक या शब्दाकडे येऊ. हा शब्द डच भाषेतून इंग्रजीत आला, मूळ अर्थ 'झाकण'. जहाजाच्या पोटावरचं झाकण म्हणजे डेक. घराचा डेक हा फार नंतरचा. म्हणजे उघड्या आभाळाखालच्या लाकडी जमिनीचा खरा इतिहास जहाजांचा आहे. आणि तिथे महाराष्ट्र मागे नव्हता.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र 1715 च्या सुमाराचं. त्यात आरमारासाठी लाकूड कसं आणावं यावर सूचना आहेत. सागवान वगैरे जंगलातलं लाकूड लागेल ते परवानगीने तोडून आणावं, कमी पडेल ते विकत आणावं. पण आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती मुलांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं. जबरदस्ती करू नये. तीनशे वर्षांपूर्वीचं हे धोरण आहे आणि त्यात लाकडाची गरज व झाडाच्या मालकाचं दुःख, दोन्ही एका परिच्छेदात आहेत.

मग ईस्ट इंडिया कंपनी. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणीकार सुरतेहून मुंबईला आले आणि गोदीचं काम त्यांच्या घराण्याकडे गेलं. इंग्लंडमध्ये जहाजासाठी ओक कमी पडायला लागला होता. मुंबईत सागाची जहाजं बनू लागली. त्यातलं एक, एचएमएस ट्रिंकोमली, 1817 मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय, लोक तिकीट काढून बघतात. दोनशेहून जास्त वर्षं झाली. शनिवारवाडा कोरड्यात राहून जळाला, मुंबईचं जहाज खाऱ्या पाण्यात राहून टिकलं.

तर माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. साग उघड्यावर टिकतो. पण जहाजावर त्याची रोजची निगा राखायला माणसं असतात. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी दोर आणि डांबर भरून बुजवतात, पाणी खाली पोटात जाऊ नये म्हणून. गच्चीवर बरोब्बर उलटं करायचं आहे, हे पुढे सांगतो.

दापोडीतला डॉक्टर

जहाजं, मग रेल्वे. 1853 ला बोरीबंदर ते ठाणे, 1858 ला खंडाळा ते पुणे, 1863 ला बोरघाट पूर्ण. रुळांखाली लाकडी स्लीपर, इंजिनात लाकूड जळण म्हणून. जंगलं झपाट्याने कमी व्हायला लागली. पण काळजीची पहिली पत्रं रेल्वेच्या आधीच लिहिली गेली होती, आणि ती लिहिणारा माणूस आपल्या पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत काम करत होता.

दापोडी. मेट्रोने जाता तेव्हा नदीवरून जाताना दिसते ती. ब्रिटिश कागदांत 'दापुरी'. 1820 च्या दशकाच्या शेवटी गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात इथला बंगला सरकारने घेतला आणि शेजारी वनस्पती उद्यान सुरू केलं. गव्हर्नरांचं मुक्कामाचं ठिकाण नंतर गणेशखिंडीत गेलं, तो बंगला म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.

1838 मध्ये दापोडीच्या उद्यानाची जबाबदारी अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आली. पेशाने सर्जन, आवडीने वनस्पतितज्ज्ञ. त्याने 1840 च्या दशकात सरकारला कळवलं की कोकणातले डोंगर उघडे पडताहेत आणि झाडं तोडण्याचा पाण्याशी आणि हवामानाशी संबंध आहे. 1847 मध्ये मुंबई इलाख्याचा 'कॉन्झर्व्हेटर ऑफ फॉरेस्ट्स' म्हणून त्याची नेमणूक झाली. संपूर्ण इलाख्यासाठी असं पद, तेही इतक्या लवकर, भारतात दुसरीकडे नव्हतं. त्याच सुमारास त्याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून उद्यानातल्या झाडांची चित्रं काढून घेतली. चित्रकाराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. चित्रं एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलेली आहेत.

पण गिब्सनची गोष्ट नुसती 'झाडं वाचवणारा साहेब' अशी सांगितली तर ती अर्धीच होईल. कंपनीला सागवान जहाजांसाठी हवं होतं. जंगल वाचवणं म्हणजे बऱ्याचदा सरकारसाठी राखून ठेवणं. 1864 मध्ये डिट्रिश ब्रँडिस भारताचा पहिला वनमहानिरीक्षक झाला, 1865 ला पहिला वन कायदा आला आणि 1878 च्या कायद्याने राखीव जंगलातले गावकऱ्यांचे हक्क आणखी आवळले. चराईचं रान, जळण, नांगराचं लाकूड, सगळ्याला परवानगी. जोतीराव फुल्यांनी 1880 च्या दशकात 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात जंगल खात्यावरही आसूड ओढलाय. आज्ञापत्रात झाडाच्या मालकाला राजी करायची भाषा होती. दीडशे वर्षांत मालकच बदलला होता.

याचा धागा आजपर्यंत येतो. साग तुमच्या शेताच्या बांधावर असला तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वन विभागाचा वाहतूक पास लागतो. जुन्या घराचं लाकूड टेम्पोत घालण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. घराची कागदपत्रं आणि घर उतरवण्याआधीचे फोटो जवळ ठेवलेत तर बोलणं सोपं जातं.

अमेरिकेचे डेक आणि डेहराडूनचं रसायन

घरामागे डेक ही कल्पना अमेरिकन उपनगरांची. सिनेमात बघितली असेल: मागचं दार उघडलं की फळ्यांची जमीन, बार्बेक्यू. तिथे साग नाही. पाइन आहे, स्वस्त आणि मऊ. उघड्यावर टाकला तर काही वर्षांत कुजतो. मग लाखो घरांना पाइनचे डेक कसे परवडले?

याचं उत्तर डेहराडूनला आहे. तिथल्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन नावाच्या भारतीय शास्त्रज्ञाने 1933 मध्ये लाकूड टिकवणारं एक मिश्रण शोधलं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किडीला आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या धाग्यांत पक्कं बसवतं, म्हणजे पावसात ते सहज धुऊन जात नाहीत. 'आस्कू' या नावाने ते विकलं गेलं, पुढे जग त्याला सीसीए म्हणू लागलं. हिरवट झाक असलेलं लाकूड बघितलं असेल तर ते बहुधा याच कुळातलं.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत अमेरिकेतले बहुसंख्य घरगुती डेक, कुंपणं, बागेतले झोके याच लाकडाचे झाले. मग आर्सेनिकची काळजी सुरू झाली, विशेषतः लहान मुलं त्या फळ्यांवर खेळतात म्हणून. उत्पादकांनी सरकारी पर्यावरण संस्थेशी करार केला आणि 2003 च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी सीसीए लाकूड बनवणं तिथे थांबलं. एका भारतीय शोधाने अमेरिकेचं घरामागचं अंगण उभं केलं आणि त्या माणसाचं नाव आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही. मीही बीटेक झालो तरी ऐकलं नव्हतं.

चाकणच्या खोक्यांवरचा शिक्का

आता तुम्ही म्हणाल, सागवान सगळ्यांकडे नसतं, चाकणला पॅलेटचं लाकूड ढिगाने मिळतं, त्याचा डेक करू. रील्सवर असे खूप दिसतात. तर पॅलेटचाही इतिहास ऐकून घ्या.

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये स्थापन झाली. 1962 ला एमआयडीसी आली. मग भोसरी, आकुर्डी, चिंचवड कारखान्यांनी भरलं. 1982 ला महापालिका झाली. चाकणला 2009 च्या आसपास परदेशी गाड्यांचे मोठे प्लांट सुरू झाले, फोक्सवॅगनचा त्याच वर्षी. सुटे भाग आणि यंत्रं न्हावाशेवा बंदरातून कंटेनरने येतात आणि त्यातल्या बऱ्याच मालाखाली पाइनची खोकी, पॅलेट असतात. माल कारखान्यात राहतो, लाकूड भंगारात जातं.

त्या लाकडावर एक शिक्का असतो. गव्हाच्या ओंबीसारखं चित्र, देशाचा दोन अक्षरी कोड, आणि 'एचटी' किंवा 'एमबी'. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एक आशियाई भुंगा सापडला, जो तिथली झाडं आतून पोखरत होता. तो पॅकिंगच्या लाकडातून आला होता. अशा प्रकारांनंतर 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला: देशाबाहेर जाणारं पॅकिंगचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवायचं, म्हणजे 'एचटी'. किंवा मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी द्यायची, म्हणजे 'एमबी'. मिथाइल ब्रोमाइड विषारी आहे आणि ओझोन थराचं नुकसान करतं. घरात वापरायला 'एमबी' शिक्क्याचं लाकूड घेऊ नका.

आणि मुख्य मुद्दा. 'एचटी' म्हणजे लाकडातली कीड त्या दिवशी मेली. उद्या नवी वाळवी लागणार नाही असा त्याचा अर्थ नाही. तापवलेला पाइन पावसात ठेवला तर तो पाइनसारखाच कुजणार. बाल्कनीत, छपराखाली, वर्षा-दोन वर्षांसाठी चालेल. मोशीच्या गच्चीवर चार पावसाळे काढायला चालणार नाही. शिवाय एका प्रमाणित युरो पॅलेटमध्ये 78 खिळे असतात. ते काढायला बसा म्हणजे कळेल.

हे लाकूड जिथे विकलं जायचं ती सगळ्यात मोठी जागा म्हणजे चिखली-कुदळवाडी. भंगार, प्लास्टिक, टायर, लोखंड, लाकूड, सगळ्याची पत्राशेड. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. अनधिकृत बांधकाम, वारंवार लागणाऱ्या आगी, धूर, प्रदूषण ही कारणं होती आणि तिथे जवळपास राहणाऱ्यांना त्या धुराचा त्रास खराच होता. पण खोकी फोडणारे, खिळे उपटून फळ्या वेगळ्या करणारे, जुन्या फळ्यांतून पुन्हा पॅलेट बनवणारे हात तिथेच होते. कारखान्यांचं लाकूड तर रोज बाहेर पडतच राहतं. ते फोडणारी माणसं कुठे बसणार, हा प्रश्न बुलडोझर गेल्यावरही शिल्लक आहे. बलुतेदार सुताराला गावात निदान जागा ठरलेली होती.

हिशेब

आता माझ्यासारख्या माणसाच्या आवडीचा भाग. डेक दहा बाय बारा फूट, म्हणजे 120 चौरस फूट. एक इंच जाडीची फळी धरली तर 10 घनफूट लाकूड. आमच्या घरातली एक तुळई 8 इंच बाय 8 इंच, 10 फूट लांब. म्हणजे साडेचार घनफुटाला थोडी कमी. वाटतं की सव्वादोन तुळयांत काम होईल. होत नाही. करवतीचा भुसा, रंध्याचं छिलपं आणि वरचा खराब थर धरला तर 8 इंचातून एक इंचाच्या सहा फळ्या निघतात. एका तुळईतून 40 चौरस फूट. म्हणजे बरोबर तीन तुळया. खालच्या आडव्या आधारांना दोन बाय तीन इंचाच्या नऊ पट्ट्या, प्रत्येकी 12 फूट, साधारण साडेचार घनफूट. त्या जुन्या कड्यांतून निघतात, लांबीला कमी पडल्या तर आधारावर जोड घ्यायचा.

वजन? सगळं मिळून पावणेतीनशे किलोच्या आत. चौरस मीटरला 25 किलोही नाही. जाण्यायेण्याच्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार धरलेला असतो. डेकचं वजन त्यातून वजा होतं, हे विसरू नका, म्हणजे उरलेल्यात माणसं, खुर्च्या, कुंड्या. ओली माती भरलेल्या मोठ्या कुंड्या डेकपेक्षा जड असतात. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काही करू नका. सॉफ्टवेअर इंजिनिअरला विचारून उपयोग नाही.

बांधणीचे नियम मला वाडा आणि जहाज या दोघांकडून मिळाले.

वाड्याचा तळखडा: लाकूड स्लॅबला थेट टेकवायचं नाही. प्रत्येक आधाराखाली जाड रबराचे तुकडे. खालून पाणी वाहिलं पाहिजे आणि वारा खेळला पाहिजे.

गच्चीचा उतार: आधाराच्या पट्ट्या उताराच्या दिशेने, फळ्या त्यांना आडव्या. उलट केलंत तर प्रत्येक पट्टी पाण्याला बांध घालते आणि वॉटरप्रूफिंगवर तळं साचतं. स्लॅबमध्ये एकही भोक पाडायचं नाही, डेक आपल्या वजनाने बसतो.

जहाजाच्या उलट: फळ्यांमध्ये पाच मिलिमीटर फट मोकळी ठेवायची. फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगते. मे महिन्यात कोरड्या फळ्या चिकटवून बसवल्यात तर जुलैत त्या एकमेकींना ढकलून वर उचलतात. आठ इंची फळीपेक्षा मधे चिरून केलेल्या चार इंची बऱ्या, वाटीसारख्या वाकत नाहीत.

मेखेचा धडा: सगळा डेक एकसंध ठोकायचा नाही. तीन-चार फुटांचे सुटे भाग करायचे, स्टेनलेसच्या स्क्रूने, आधी भोक पाडून. पावसाळ्याआधी भाग उचलून खालची पानं आणि पाण्याचं तोंड साफ करता आलं पाहिजे.

आणि करवतीवर नेण्याआधी जुन्या लाकडावर चुंबक फिरवा. आत कुठेतरी तुटका खिळा असतोच आणि त्यावर पातं गेलं की गिरणीवाला दुसरी तुळई घ्यायला तयार होत नाही.

पॉलिश? उन्हात वार्निशचा थर पापुद्र्यांनी सुटतो. तेल लावलंत तर रंग टिकतो, पण दरवर्षी लावायचं. काहीच नाही लावलं तर साग हळूहळू चांदीसारखा राखाडी होतो, आणि तो रंग आजारपणाचा नाही.

आणि काका?

काकांशी बोलणं एका फोनमध्ये मिटलं नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घर उतरवायला मजुरी लागली, गावाकडे नव्या दोन खोल्या बांधायच्या आहेत, त्याला सिमेंट लागतं आणि सिमेंट आठवणींवर मिळत नाही. व्यापाऱ्याने सगळा ढीग उक्ता मागितला होता. आम्ही तुळया, कड्या मोजल्या, प्रत्येकीचे घनफूट काढले, आणि उक्त्या भावापेक्षा घनफुटाने जास्त पैसे होतात हे कागदावर दिसलं. शेवटी तीन तुळया आणि लागतील तेवढ्या कड्या मी त्याच भावाने काकांकडून घेतल्या. खांब विकायचे नाहीत यावर आजी ठाम होती. ते तळखड्यांसकट नव्या खोल्यांच्या ओसरीला लागताहेत. बाकीचं लाकूड व्यापाऱ्याकडे गेलं. ते कुठल्यातरी हॉटेलचं टेबल होईल, कुणाच्या तरी फ्लॅटचं मुख्य दार होईल. जळणात जाण्यापेक्षा बरं.

जुन्नर, खेड, आंबेगाव, मावळ, या तालुक्यांतली जुनी घरं या दहा-पंधरा वर्षांत वेगाने उतरताहेत. हिस्से झालेत, मुलं चाकणला आणि हिंजवडीला आहेत, भिंती गळताहेत. सगळी घरं वाचणार नाहीत. पण तुमच्या घरची पाळी आली तर व्यापाऱ्याला बोलावण्याआधी एक रविवार काढा. टेप घ्या, प्रत्येक तुळईची मापं लिहा. जोडांचे फोटो काढा, मेखा मोजा. घर बांधणाऱ्या सुताराचं नाव घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. दापोडीच्या त्या चित्रकाराचं नाव कुणी लिहिलं नाही, आपण निदान आपल्या सुताराचं लिहू.

आमच्या घराचा सुतार कोण होता, हे आजीला माहीत होतं. माझ्या वहीत ते नाव तुळयांच्या मापांच्या वर लिहिलंय. तुमच्याकडे असं नाव सापडलं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एखाद्या भागात सगळी नावं एकत्र वाचून दाखवीन. तोवर भेटू. काळजी घ्या.